बॉयलरच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड सच्छिद्र दाण्यांत पकडावा का?

रबाळेकर

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात मी युटिलिटी पाहतो. बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर, पाणी, सगळं माझ्याकडे. बॉयलर दोन टनी (ताशी दोन टन वाफ देणारा) आहे, पीएनजीवर, म्हणजे पाइपातून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालतो. युरोपातले ग्राहक आता दर किलो मालामागे किती कार्बन, हा आकडा मागू लागले आहेत. त्यातच २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना धातू-सेंद्रिय सच्छिद्र जाळ्यांसाठी मिळालं. ती बातमी वाचून आमच्या मालकांनी विचारलं, आपल्या धुराड्याला असं काही बसवता येईल का? एका पुरवठादाराने तर दाण्यांच्या दोन टाक्यांचं रेखाचित्रही आणून दाखवलं.

माझं मत होकाराकडे झुकतं. पीएनजीच्या धुरात राख नाही, गंधक जवळपास नाही. कोळशाच्या वीजकेंद्रापेक्षा आमचा धूर दाण्यांना कितीतरी सोपा जायला हवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात असे लहान बॉयलर जागोजागी आहेत, एकाने करून दाखवलं तर बाकीचे मागे येतील.

जाणकारांनी सांगावं: दाणे कोणते, किती लागतील, आणि पकडलेल्या वायूचं पुढे काय करायचं?

मीनल_घणसोली

वाचते आहे. मी रसायनातली नाही, म्हणून सगळ्यात आधीचा प्रश्न मीच विचारते. दगडासारख्या दाण्यात वायू राहतो म्हणजे नक्की काय होतं? आणि मग तो बाहेर कसा काढतात?

सागर_ऐरोली

मीनलताई, सोपं आहे. दाण्यांना बरोबर सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) रेणूएवढी भोकं असतात. सीओटू आत जातो, नायट्रोजन मोठा असल्याने बाहेर राहतो.

निशिगंधा

सागर, काही पदार्थांत तसं होतं, पण इथे ज्याबद्दल बोलतोय त्यात नाही. सीओटूच्या रेणूचा व्यास ३.३ ॲंगस्ट्रॉम (एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), नायट्रोजनचा ३.६४. फरक जेमतेम तिसरा हिस्सा ॲंगस्ट्रॉमचा. सर्वांत जास्त वापरला जाणारा दाणा म्हणजे झिओलाइट १३एक्स. झिओलाइट म्हणजे अल्युमिनियम-सिलिकेटचं सच्छिद्र खनिज. त्याची दारं साडेसात ॲंगस्ट्रॉमच्या आसपास असतात, म्हणजे दोघेही आरामात आत शिरतात. फरक पडतो तो आत गेल्यावर. भिंतींजवळ सोडियमचे धन आयन बसलेले असतात. सीओटूच्या रेणूवर विद्युतभाराची विभागणी नायट्रोजनपेक्षा बरीच जास्त असमान असते, म्हणून त्या आयनांकडे तो जास्त घट्ट ओढला जातो. नायट्रोजन येतो आणि निघून जातो.

मीनलताई, हे पृष्ठभागाला चिकटणं आहे. दाण्याच्या आत इतकी सूक्ष्म पोकळी असते की १३एक्सच्या एका ग्रॅममध्ये ६०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. नोबेल मिळालेल्या जाळ्यांत, ज्यांना आम्ही मॉफ म्हणतो, हा आकडा काही हजारांपर्यंत जातो. चिकटलेला वायू सोडवायचा तर एक तर दाब उतरवायचा (निर्वात पंप लावून) किंवा दाणे तापवायचे. दाणे रिकामे झाले की पुन्हा तोच धूर. हे चक्र हजारो वेळा चालायला हवं, नाहीतर कोणताही दाणा परवडत नाही.

रबाळेकर, तुमच्या धुरात सीओटू किती टक्के आहे? आणि धुराड्याचं तापमान?

रबाळेकर

ॲनालायझरवर साडेनऊच्या आसपास येतो, ऑक्सिजन साडेतीन-चार. धूर १८० अंशांना बाहेर पडतो. इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेने बॉयलरचं पाणी तापवणारं यंत्र) नाही.

गोट्या_दिघा

पकडून सोड्याच्या बाटल्यांत भरा की! उन्हाळ्यात दिघ्याच्या नाक्यावर हातोहात खपेल. :)

हिशेबनीस

गोट्याभाऊंचा मुद्दा मी नंतर गंभीरपणे घेणार आहे. आधी रबाळेकरांच्या "किती दाणे" चा हिशेब मांडतो, चुकलं तर निशिगंधा सांगतीलच.

दोन टनी बॉयलर पूर्ण भारावर ताशी साधारण १४५ घनमीटर पीएनजी खातो. एका घनमीटरमागे पावणेदोन-दोन किलो सीओटू. म्हणजे ताशी २८० किलो धरू. १३एक्स कोरड्या, शुद्ध सीओटूत वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत वायू धरतो, पण धुरात सीओटू पातळ असतो आणि पंपाने दाणा पूर्ण रिकामाही होत नाही. म्हणून प्रत्येक चक्रात हाती लागणारा वायू वजनाच्या ५ टक्के धरतो. दहा मिनिटांचं चक्र, तासाला सहा. २८० भागिले (६ गुणिले ०.०५), म्हणजे सुमारे ९३० किलो दाणे.

टनभर! मला वाटलं होतं गोदाम भरेल. दीड घनमीटरची गोष्ट आहे ही. दोन-तीन टाक्यांत विभागली तर तुमच्या बॉयलर हाउसच्या मागेही मावेल.

रबाळेकर

हाच आकडा पुरवठादारानेही दाखवला होता, टनभर. म्हणूनच मला हे जमण्यासारखं वाटतंय.

निशिगंधा

हिशेबनीस, गणित बरोबर आहे. पण त्यातला "कोरड्या" हा शब्द सगळ्यांनी पुन्हा एकदा वाचा.

एक घनमीटर गॅस जळला की सीओटूबरोबर सुमारे १.६ किलो पाणीही तयार होतं. रबाळेकरांच्या धुराड्यातून ताशी २८० किलो सीओटूच्या सोबत २३० किलो पाण्याची वाफ जाते. आता १३एक्सच्या सोडियम आयनांना सीओटू आवडतो हे खरं, पण पाणी त्याहून कितीतरी जास्त आवडतं. पाण्याचा रेणू येऊन बसला की सीओटूला जागा उरत नाही, आणि पंपाच्या निर्वाताने पाणी निघत नाही, त्यासाठी २००-३०० अंशांची भट्टी लागते. धूर ४० अंशांपर्यंत थंड केला तर निम्म्याहून जास्त पाणी गळून पडेल, तरीही ताशी ९०-१०० किलो पाणी वाफेच्या रूपात धुरात राहीलच. त्यासाठी अल्युमिनाचा किंवा सिलिका जेलचा वेगळा थर, त्याचं वेगळं तापवणं, वेगळी ऊर्जा. प्रयोगशाळेतले सुंदर आलेख बहुतेक कोरड्या वायूवर काढलेले असतात. मी स्वतः तसे काढले आहेत आणि त्यांचा उपयोग आहे, पण धुराडं कोरडं नसतं.

सुहास_कोपरखैरणे

निशिगंधा मॅडम अगदी माझ्या कामाचं बोलल्या. २०२१ मध्ये हॉस्पिटलांच्या आवारात ऑक्सिजनचे पीएसए प्लांट (दाब चढवून-उतरवून हवेतले वायू वेगळे करणारे) उभे राहिले, ते आठवत असतील. मी त्यांच्या देखभालीवर होतो. तिथेही झिओलाइटच, फक्त काम वेगळं. तो हवेतला नायट्रोजन धरतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. जिथे जिथे ऑक्सिजनची शुद्धता घसरली, तिथे मी पहिल्यांदा ड्रायर बघायचो. एका ठिकाणी कॉम्प्रेसरचा ऑटो ड्रेन अडकला होता, कोणी पाहिलंच नाही. पावसाळ्याचे दिवस, हवेत नव्वद टक्के आर्द्रता. टाकी उघडली तर वरचा थर ओला आणि खालचे दाणे आपसात घासून पीठ झालेले. सगळी भरणी बदलावी लागली. रुग्ण सिलिंडरवर हलवले गेले म्हणून निभावलं, पण ती धावपळ विसरता येत नाही.

म्हणून रबाळेकरदादा, दाण्यांची किंमत विचारण्याआधी पुरवठादाराला विचारा, ड्रायर कुठला, दवबिंदू (ज्या तापमानाला वायूतली वाफ पाणी होऊ लागते) किती, आणि तो बिघडला हे मला किती मिनिटांत कळेल? रेखाचित्रात फक्त दोनच टाक्या असतील तर ते रेखाचित्र अपुरं आहे.

रबाळेकर

दोनच आहेत. ड्रायरचा उल्लेख नाही. विचारतो.

खाडीकाठ

मला या सगळ्याकडे पाहून वाईट वाटतं. आपल्या दारात ठाण्याची खाडी आहे, २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. तिवरं वर्षानुवर्षं चिखलात कार्बन गाडतायत, कुठलाही पंप न लावता. तीच कापली जातात, त्यांच्यावर राडारोडा टाकला जातो आणि आपण टनभर दाण्यांवर चर्चा करतो. जो पैसा या टाक्यांत घालणार तो तिवरांच्या राखणीला द्या.

निशिगंधा

खाडीकाठ, तिवरांबद्दल तुम्ही म्हणता त्यातला शब्दन् शब्द पटतो. चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथला पालापाचोळा कुजून लगेच हवेत परत जात नाही. तिवरं तोडली आणि चिखल उघडा पडला की शतकांचा साठा सुटतो. ती राखायलाच हवीत.

पण धुराड्याचा हिशेब त्याने भागत नाही. मोठं झाड वर्षाला फार तर वीसेक किलो सीओटू घेतं असं धरतात. रबाळेकरांचा एक बॉयलर तेवढा पाच मिनिटांत सोडतो. दोन्ही कामं करायची आहेत, एकाचा निधी दुसऱ्याकडे वळवून कुठलंच पुरं होणार नाही.

खाडीकाठ

पाच मिनिटांत? हा आकडा मनात घर करून बसणार. ठीक, आता धागा वाचत राहते. पण बॉयलरवाल्यांनी "आम्ही यंत्र बसवलं, आता खाडीकडे लक्ष नको" असं म्हणू नये एवढीच विनंती.

मीनल_घणसोली

अवांतर आहे, पण विचारायचंच होतं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक "हवेतला कार्बन शोषणारं यंत्र" बसवायचा प्रस्ताव आलाय. पंखा आणि आत दाण्यांची कॅसेट. चेअरमनकाका खूप उत्साहात आहेत. हे तेच का?

हिशेबनीस

तत्त्व तेच, अडचण शेकडो पट मोठी. धुरात साडेनऊ टक्के सीओटू, गच्चीवरच्या हवेत ०.०४ टक्क्याच्या थोडा वर. एका घनमीटर हवेत पाऊण ग्रॅम. एक किलो पकडायला तेराशे घनमीटर हवा फिरवावी लागेल, तीसुद्धा त्यातला प्रत्येक रेणू सापडला तर. आपल्याकडे ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो सीओटू सुटतो. पंखा आणि दाणे तापवायचा हीटर मिळून किलोमागे दीड युनिट जरी खाल्लं तरी तुम्ही पकडण्यापेक्षा जास्त सोडलात.

आइसलंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर चालतं. २०२१ मध्ये ओर्का आणि २०२४ मध्ये मॅमथ हे प्रकल्प सुरू झाले, दुसऱ्याची रचना वर्षाला ३६,००० टनांसाठी आहे. पण तिथे भूगर्भातली उष्णता आणि वीज शेजारीच मिळते, आणि वायू तिथेच खाली दगडात जातो. घणसोलीच्या गच्चीवर यातलं काहीच नाही. शिवाय कॅसेट भरली की पुढे काय, हे चेअरमनकाकांना विचारा.

मीनल_घणसोली

विचारलं. कॅसेट कंपनी घेऊन जाते म्हणाले. कुठे नेते ते माहीत नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये हा हिशेब वाचून दाखवते, आणि त्या पैशांत जिन्याचे दिवे, पंप आणि गच्चीवरचं सोलर बघूया असं सुचवते.

सागर_ऐरोली

एक कल्पना. वायू बाहेर काढायचाच कशाला? दाणे भरले की तसेच पुरून टाकायचे. साठवणूकही झाली!

निशिगंधा

एका टन वायूसाठी उत्तम परिस्थितीतही पाच टन दाणे लागतील. भारताचं वर्षाचं उत्सर्जन तीन अब्ज टनांच्या घरात. म्हणजे पंधरा अब्ज टन दाणे. जगभर मिळून वर्षाला खणला जाणारा कोळसासुद्धा नऊ अब्ज टनांच्या आसपास आहे. आणि झिओलाइट बनवायला लागणारी ऊर्जा वेगळीच. शिवाय पुरलेल्या दाण्याला ओल लागली की वायू सुटायला लागणार.

हे दाणे लोकलच्या डब्यासारखे आहेत. माणसं चढली, उतरली, डबा रिकामा परत आला, तरच सेवा चालते. राहायला जागा दुसरीकडे शोधायची.

बेसाल्ट

राहायच्या जागेचा विषय निघाला म्हणून लिहितो. ठाण्यात भूगोल-भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. ऐरोली-मुंब्र्याकडून पारसिकच्या डोंगराचा कापलेला कडा पाहा, लाव्हाचे थर एकावर एक दिसतात. हा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर. पाण्यात विरघळलेला सीओटू आम्लधर्मी असतो, तो दगडातून हे धातू सोडवतो आणि मग कार्बोनेट होऊन बसतो. म्हणजे वायूचा दगड होतो.

आइसलंडच्या कार्बफिक्स प्रयोगात २०१२ मध्ये खाली सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत खनिज झाला, हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वालुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन द्रवरूप वायू बेसाल्टमध्ये सोडला होता, तिथेही खनिजं सापडली. आपल्याकडे दगड तर पायाखालीच आहे.

आणि मजा बघा, ज्या झिओलाइटवर हा धागा चाललाय तो याच दगडाच्या पोकळ्यांत निसर्गाने बनवून ठेवलाय! स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट. त्यांच्याच शेजारी कॅल्साइटचे स्फटिकही असतात, म्हणजे बेसाल्टमध्ये कार्बन दगड होऊन बसतो याचा पुरावा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन या, मुलांना न्या. एकेक स्फटिक बघून माणूस हरखून जातो.

सागर_ऐरोली

मग खाणीतला झिओलाइटच वापरायचा की काका! विकत कशाला?

बेसाल्ट

नाही सागर. खाणीतले स्फटिक सुंदर, पण त्यांच्या पोकळ्या अरुंद आणि पाण्याने भरलेल्या. १३एक्सचा निसर्गातला भाऊ फॉजासाइट, तो फार दुर्मीळ. कारखान्यात सोडियम, अल्युमिना आणि सिलिकेटपासून बनवतात तोच कामाचा.

अप्पा_कळवा

बेसाल्ट सर, खाली सोडायला पाणी किती लागतं?

बेसाल्ट

बरोबर जागी बोट ठेवलंत अप्पा. आइसलंडच्या पद्धतीत एका टन वायूमागे पंचवीसेक टन पाणी. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या तालुक्यांत हे कोण मागणार? समुद्राचं पाणी वापरण्यावर काम चालू आहे, कोकणपट्टीला त्यातून आशा आहे. दुसरी गोष्ट, कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्या पिढीने पाहिलाय. जमिनीखाली दाबाने काही सोडण्याआधी भेगांचा नकाशा हवा, बारकाईने. हे एका कारखान्याचं काम नाही, शासनाचं आहे. आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्या-वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथल्यासारख्या लोकांनी हा दगड नीट तपासावा असं मला मनापासून वाटतं.

हिशेबनीस

आता गोट्याभाऊंचा सोडा. बाजारातला सीओटू येतो कुठून? खतकारखान्यांच्या अमोनिया विभागातून, आणि डिस्टिलऱ्यांतून. मळी आंबते तेव्हा एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो सीओटू निघतो, तोही जवळपास शुद्ध. धुतला, कोळशातून नेऊन वास काढला, द्रवरूप केला की झाला. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या ठिकठिकाणी आहेत. त्यांना वायू फुकट आणि शुद्ध मिळतो, रबाळेकरांना साडेनऊ टक्क्यांवरून वर आणावा लागणार. बाजारात ते यांना नेहमीच भारी पडणार.

विजेचंही बघा. झिओलाइट आणि निर्वात पंपाने कोरड्या धुरातून टनामागे ढोबळमानाने ३०० ते ५०० युनिट लागतात. ड्रायर, ब्लोअर, द्रवरूप करणं वेगळं. युनिटला ८-९ रुपये धरले तर फक्त पकडण्याच्या विजेचेच अडीच ते साडेचार हजार रुपये. आणि त्या विजेचं उत्सर्जन २०० ते ३५० किलो. पकडला टन, पदरात पडला पाऊण टन.

सागर_ऐरोली

वीज सोलरची घेतली तर?

हिशेबनीस

तर तीच सोलरची वीज कारखान्याच्या मोटर्सना द्या. तेवढीच ग्रिडची वीज वाचेल, एकही टाकी न बसवता.

निशिगंधा

हिशेबनीसांशी थोडा मतभेद. आजच्या १३एक्सचे हे आकडे आहेत, आणि शोध तिथे थांबलेला नाही. कॅल्गरीच्या गटाने २०२१ मध्ये कॅल्फ-२० हा जस्ताचा मॉफ मांडला. त्याचं वैशिष्ट्य ऐका: सापेक्ष आर्द्रता चाळीसेक टक्क्यांपर्यंत असली तरी तो पाण्याआधी सीओटूला जागा देतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या सिमेंट कारखान्याच्या खऱ्या धुरावर तो चालवून पाहिला गेलाय, आणि आता शेकडो टनांत बनतो. पृष्ठभागाच्या आकड्यांत तो इतर मॉफपेक्षा खूप मागे आहे. तरीही कामाला आला, कारण पाणी, उष्णता आणि टिकाऊपणा या तिन्ही परीक्षांत पास झाला. मला या क्षेत्रात सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट हीच आहे.

दुसरी वाट सच्छिद्र सिलिकावर अमाइन (सीओटूशी जोडली जाणारी नायट्रोजनयुक्त संयुगं) चढवलेल्या दाण्यांची. त्यांना थोडी ओल चालते, उलट मदत करते. ८०-१०० अंशांना वायू सोडतात. रबाळेकर, तुमचा धूर १८० अंशांना बाहेर जातोय, ती उष्णता तिथे वापरता येईल. धोका एकच, गरम अमाइनला ऑक्सिजन लागला की ते हळूहळू खराब होतं, आणि तुमच्या धुरात साडेतीन टक्के ऑक्सिजन आहे.

दक्षता_तुर्भे

सगळे किंमत बोलतायत, मी सुरक्षेवर आहे म्हणून हे लिहून ठेवते. सीओटू हवेपेक्षा दीडपट जड. टाकी रिकामी होताना गळती झाली तर तो जमिनीलगत, खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये साचतो. रंग नाही, वास नाही. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५,००० भाग), ४०,००० ला जिवाला तत्काळ धोका. १९८६ मध्ये कॅमेरूनच्या न्योस तळ्यातून एका रात्री हा वायू उसळला आणि सतराशेच्या आसपास माणसं गेली. सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर हवा, छताला नको. बॉयलर हाउसमागची बंदिस्त खोली मुळीच नको, उघडी शेड घ्या. आणि द्रवरूप साठवायचा म्हटलं की उणे वीस अंश आणि २० बारची टाकी, तिला पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) परवानगी. पुरवठादाराला हे सगळं लेखी विचारा.

गोट्या_दिघा

सोड्याची बाटली गंमत म्हणून लिहिली होती, पण दक्षताताईंचं वाचून प्रिंट काढून आमच्या शॉपमध्ये लावतोय. आम्ही वेल्डिंगला हाच वायू वापरतो, सिलिंडर पिटात ठेवलेत. उद्याच वर काढतो.

दक्षता_तुर्भे

गोट्याभाऊ, उद्या नको, आज संध्याकाळी काढा. आणि पिटात उतरण्याआधी तो नीट हवेशीर करा, एकट्याने उतरू नका.

गोट्या_दिघा

काढले. दोघं होतो, पंखा लावून.

अप्पा_कळवा

आता माझं ऐका. बॉयलरवर केस पांढरे झाले. रबाळेकर, तुमच्याकडे कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचं झालेलं पाणी) किती परत येतं?

रबाळेकर

जवळपास नाही अप्पा. वाफ थेट मालात जाते. फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, तीस-बत्तीस अंशांना, टाकीतून थेट.

अप्पा_कळवा

मग उत्तर तुमच्याच पाइपात आहे. जुना नियम आहे, धूर २२ अंशांनी उतरवला की १ टक्का इंधन वाचतं, आणि फीडवॉटर ६ अंशांनी चढवलं की १ टक्का. तुमचं पाणी गार आणि धूर गरम, याहून चांगली जोडी नाही. कंडेन्सिंग इकॉनॉमायझर लावा. पीएनजीच्या धुराचा दवबिंदू ५५ अंशांच्या आसपास असतो, त्याखाली नेला की वाफेचं पाणी होतं आणि ती सुप्त उष्णताही मिळते. फीडवॉटर ऐंशीला नेलं तर आठेक टक्के गॅस कमी लागेल. पूर्ण भारावर ताशी ११-१२ घनमीटर. म्हणजे २०-२२ किलो सीओटू तयारच होणार नाही. त्याला ना पंप, ना टाकी, ना पेसो. उलट पैसे परत येतात.

आणि निशिगंधाताई म्हणाल्या ना, दाण्यांआधी धूर थंड करून पाणी काढावं लागतं? तेच काम हे यंत्र करतं. म्हणजे उद्या कॅल्फ-बिल्फ परवडायला लागलं तर पहिली पायरी बांधलेलीच असेल.

निशिगंधा

अप्पा, किती छान मांडलंत! अगदी हेच. फीडवॉटर सगळा धूर ४० पर्यंत उतरवू शकणार नाही, उरलेलं कूलिंग टॉवरला करावं लागेल, पण मोठा वाटा उचलेल.

रबाळेकर, पट्ट्यातल्या लहान बॉयलरांत पहिला असण्याची तुमची इच्छा सोडू नका. चिमणीतून एक बारीक फाटा काढून काही किलो दाण्यांचा प्रयोग करता येईल. एका नळीत १३एक्स, दुसरीत अमाइनचे दाणे, आणि पावसाळाभर चालू ठेवायचं. खऱ्या धुरावर, इथल्या आर्द्रतेत कोण किती टिकतो हे मोजलेलं कागदावर आलं तर मलाही ते हवं आहे. दाण्यांचे नमुने आधी आणि नंतर मी तपासून देईन.

रबाळेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मालकांसमोर धागा वाचून दाखवला. टनभर दाण्यांची खरेदी थांबवली. पुरवठादाराला ड्रायर, दवबिंदू, सेन्सर, वायूचं पुढचं ठिकाण, सगळे प्रश्न लेखी पाठवलेत. त्याचं उत्तर आलं की इथे टाकतो.

कंडेन्सिंग इकॉनॉमायझरसाठी कोटेशन मागवलीत. ग्राहकांना या वर्षी वाचलेल्या गॅसचा आकडा द्यायचा, पकडलेल्या सीओटूचा नाही, असं ठरलं. निशिगंधाताईंचा फाट्यावरचा प्रयोग मालकांनी मान्य केलाय, खर्च कारखाना करेल. अप्पा, इकॉनॉमायझर घेताना काय बघू?

अप्पा_कळवा

स्टेनलेसचा घ्या, साधं लोखंड नको. गळणारं पाणी आम्लधर्मी असतं, पीएच चारच्या आसपास. ते थेट गटारात सोडू नका, चुनखडीच्या खड्यांतून न्या आणि मग ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राला). धुराला अडथळा वाढतो, बर्नरचा पंखा तेवढा दाब देतो का ते बर्नरवाल्याकडून तपासून घ्या, नाहीतर नंतर आयडी फॅन (धूर ओढून काढणारा पंखा) शोधत बसाल. बायपास डॅम्पर (धूर इकॉनॉमायझर टाळून वळवायची झडप) हवाच. आणि चिमणीला सॅम्पलिंगची दोन भोकं ठेवा, एक इकॉनॉमायझरच्या आधी, एक नंतर. ताईंच्या नळ्यांना दुसऱ्यातून फाटा द्या.

सुहास_कोपरखैरणे

आणि त्या फाट्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ड्रेन, ऑटो नको, हाताने उघडायचा, लॉगबुकात सहीसह. दाणे भरायला मी येतो. नळीत ते ठोकून नीट बसवावे लागतात, वरून जाळी आणि स्प्रिंग हवी. दसऱ्याच्या शटडाउनला ठेवू का?

रबाळेकर

सुहासदादा, पावसाळाभर चालवायचंय तर दसऱ्याला उशीर होईल. मे महिन्यात दोन दिवस बॉयलर तपासणीसाठी बंद असतो, तेव्हा भोकं पाडून घेतो. तारीख पक्की झाली की इथेच कळवतो.